तळपायाला कुरूप झालंय की चामखीळ? खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी ब्लेड हातात घेण्याआधी हे वाचा

पावसाळा लागला की शाळा-कॉलेजांत क्रीडा स्पर्धांची गडबड सुरू होते. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग. त्याच दिवसांत पहाटे पाचला डांबरी रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. या सगळ्या धावपळीत एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. "सर, पाय टेकवला की खडा टोचल्यासारखं होतंय." बूट काढून झटकला तर आत खडा नसतो. तळपाय उलटा करून पाहिला तर बोटांच्या मागच्या गादीवर नाहीतर टाचेवर तुरीच्या डाळीएवढा, पिवळसर, घट्ट गोल डाग असतो.

घरातलं पहिलं निदान ठरलेलं असतं. कुरूप. बऱ्याच वेळा ते चुकीचं असतं. लहान आणि तरुण वयात तळपायावर असा डाग दिसला तर ती विषाणूमुळे होणारी चामखीळ असण्याची शक्यता मोठी. कुरूप आणि चामखीळ दिसायला भावंडं, पण उपाय वेगळे. फरक न ओळखता कापाकापी केली तर सहा महिन्यांचं दुखणं जन्माचं होऊ शकतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा पुतण्या अकरावीत आहे, १५०० मीटर धावतो. मागच्या वर्षी जूनमध्ये त्याच्या उजव्या पायाला असाच डाग आला. आजी म्हणाली, "अरे, कुरूप आहे ते. बिबा लावू, दोन दिवसांत बसेल." बिबा गरम करून लावला. डाग राहिला बाजूला, बिबा उतला. अख्खा तळपाय सुजला, पाण्याचे फोड आले, तीन आठवडे चप्पलसुद्धा घालता येईना. तालुक्याची स्पर्धा गेली. मग कुणीतरी सुचवलं म्हणून एकाकडे जाऊन ब्लेडने तो कोरून काढला. भळभळ रक्त आलं, चार दिवस बरं वाटलं, आणि दिवाळीपर्यंत एकाचे तीन झाले. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पाय हातात घेतला, भिंगातून बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की हे कुरूप नव्हतंच.

ओळखायचं कसं?

तळपायाला बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. उजेडात बसा, पाय धुऊन कोरडा करा आणि डागावरून त्या रेषा जातात का ते बघा. कुरूप म्हणजे दाबामुळे जाड झालेली आपलीच कातडी, त्यामुळे रेषा बहुधा त्याच्यावरून तशाच पुढे जातात. चामखिळीत त्या तुटतात. ओढ्यातलं पाणी दगडाला वळसा घालून जातं तशा रेषा डागाच्या कडेने वळतात.

दुसरी खूण काळ्या ठिपक्यांची. वरची मेलेली कातडी थोडी घासली की आत सुईच्या टोकाएवढे काळे-तपकिरी ठिपके दिसतात. लोक त्याला 'बी' किंवा 'मूळ' म्हणतात आणि ते उपटून काढायला जातात. प्रत्यक्षात त्या चामखिळीला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात, आत रक्त गोठल्यामुळे काळ्या दिसतात. चामखिळीला मूळ नसतं. ती कातडीच्या वरच्या थरातच वाढते. तळपायावर शरीराचं वजन पडतं म्हणून ती बाहेर न येता आत दाबली जाते, एवढंच.

तिसरी खूण दुखण्याची. डागावर अंगठ्याने सरळ खाली दाबा, मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबा. सरळ दाबल्यावर जास्त दुखलं तर कुरुपाकडे कल. चिमटीत धरल्यावर कळ आली तर चामखिळीकडे. ही परीक्षा शंभर टक्के खरी नाही, पण रेषा, ठिपके आणि चिमटी या तिन्ही जुळल्या तर फारशी शंका राहत नाही.

जागाही बोलते. कुरूप हाडाच्या टोकाखाली किंवा बूट घासतो तिथे होतं. मोठ्या भावाचे, मापाला न बसणारे स्पाइक्स घालून धावणाऱ्यांना ते हमखास होतं आणि बूट बदलला की कमी होतं. चामखीळ कुठेही होते, आणि एकाच्या शेजारी दुसरी उगवते. कधी पाच-दहा लहान लहान चामखिळी चिकटून फरशीच्या तुकड्यांसारखा पट्टा तयार होतो. तो बरा व्हायला सगळ्यात हट्टी.

आपल्याकडे अजून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बाभळीचा काटा. बांधावरून, रानातून अनवाणी चालणाऱ्या पोरांच्या पायात काटा मोडून राहतो, वरची कातडी भरून येते आणि महिनाभराने तिथे घट्ट, दुखरी गाठ होते. दुखणं एका दिवशी अचानक सुरू झालं असेल, डाग एकच असेल आणि एका ठरावीक बिंदूवर दाबल्यावरच कळ येत असेल, तर आधी काट्याचा विचार करा. त्याला चामखिळीचं औषध लावून उपयोग नाही, काटा काढावाच लागतो.

कबड्डी, बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या टाचेच्या कडेला कधी नुसतेच काळे ठिपके दिसतात. अचानक थांबण्या-वळण्याने कातडीखाली रक्त साकळलेलं असतं. ते दुखत नाहीत, कातडी जाड झालेली नसते आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. त्यांना हात लावू नका.

हे होतं कशामुळे?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, नावाच्या विषाणूमुळे. नाव ऐकून काही जण घाबरतात, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बातम्यांत हेच नाव येतं. या विषाणूचे शंभरावर प्रकार आहेत. कर्करोगाशी संबंध मुख्यतः १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांचा. तळपायाच्या चामखिळी १, २, ४, २७, ५७ अशा वेगळ्या प्रकारांमुळे होतात. मुलींना दिली जाणारी लस त्या कर्करोगासाठी आहे, तळपायासाठी नाही.

विषाणू आत शिरतो तो बारीक चिरेतून किंवा ओल्या, भिजून पांढऱ्या झालेल्या कातडीतून. वसतिगृहाची न्हाणीघरं, पोहण्याच्या टाकीभोवतीची फरशी, सामन्यांच्या वेळी वीस-वीस मुलं राहतात त्या शाळेतला ओला कोपरा ही त्याची आवडती ठिकाणं. शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. त्यामुळे 'हे कुणाकडून आलं' याचा शोध घेण्यात अर्थ नसतो. आणि ही अस्वच्छतेची शिक्षा नाही. रोज दोनदा पाय धुणाऱ्यालाही होते.

किती दिवसांत जाते? खरं सांगायचं तर

आठ दिवसांत चामखीळ मुळासकट, अशी जाहिरात दिसली तर पुढे चला. मोठ्या चाचण्यांचे आकडे बरेच नम्र आहेत. ब्रिटनमध्ये २०११ साली १२ वर्षांवरच्या २४० जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना घरी रोज लावायला ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड, निम्म्यांना दवाखान्यात द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपचार. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले फक्त १४ टक्के. नेदरलँड्समध्ये २०१० साली २५० रुग्णांवर अशीच तुलना झाली. हाताच्या चामखिळींत गोठवण्याचा फायदा दिसला, तळपायाच्या बाबतीत गोठवणं, ॲसिड आणि नुसतं थांबणं यांत ठळक फरक दिसला नाही.

दुसरी बाजूही आहे. त्याच देशात शाळकरी मुलांवर वर्षभर लक्ष ठेवलं तेव्हा साधारण निम्म्या मुलांच्या चामखिळी वर्षात आपोआप गेल्या. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखते आणि एक दिवस काम फत्ते करते. लहान मुलांत हे लवकर होतं, वय वाढेल तसं हळू.

मग औषध लावायचंच कशाला? खेळाडूसाठी याचं उत्तर महत्त्वाचं आहे. खुपतो तो विषाणू नाही. चामखिळीवर जमलेला कातडीचा जाड थर खुपतो. तो थर रोज पातळ ठेवला तर विषाणू आत असतानाही दुखणं बरंच उतरतं. चामखीळ जायला चार महिने लागोत, पळणं मात्र दोन-तीन आठवड्यांत सुधारू शकतं. पुतण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे समजावलं, आणि पोराच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरला. दुखणं तसंच सोसत राहण्यातही तोटा आहे. डाग वाचवायला पोरगं पाय तिरका टाकतं, आणि महिन्याभरात गुडघा नाहीतर नडगी बोलायला लागते.

घरी करायचा उपाय

तळपायाच्या चामखिळीवर पहिला, स्वस्त आणि सगळ्यात जास्त तपासलेला उपाय म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. मेडिकलमध्ये ते लहान बाटलीत पातळ औषधाच्या रूपात मिळतं. बऱ्याच बाटल्यांत १६.७ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि तेवढंच लॅक्टिक ॲसिड असतं. मिळतं म्हणून आणून लावू नका. एकदा डॉक्टरांना पाय दाखवून चामखीळच आहे याची खात्री करून घ्या, मग सुरू करा.

रात्री झोपताना लावलेलं बरं. पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवा. वरची कातडी पांढरी, मऊ झाली की ती वज्रीने हलक्या हाताने घासा. रक्त येईपर्यंत घासायचं नाही, दुखायला लागलं की थांबायचं. ही वज्री त्या एकाच माणसाची आणि त्या एकाच डागाची. घरातल्या बायका टाचेला वापरतात ती न्हाणीतली वज्री उचलून आणली तर चामखीळ घरभर वाटली म्हणून समजा. पाय नीट पुसा. डागाभोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलीनचं कडं करा, म्हणजे औषध तिकडे पसरणार नाही. मग फक्त डागावर एक थेंब. तो वाळून पांढरी पापडी धरली की वर चिकटपट्टी लावून झोपायचं. सकाळी पट्टी काढायची. दुसऱ्या रात्री पुन्हा भिजवून मेलेला थर घासायचा आणि पुन्हा थेंब.

एवढंच काम आहे, पण बारा आठवडे रोज. फसतं ते इथेच. पंधरा दिवस नेमाने लावतात, दुखणं कमी झालं की बाटली फडताळात जाते आणि दोन महिन्यांनी डाग पहिल्यासारखा. पुतण्याच्या बाबतीत त्याच्या आईने बाटली दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवली, तेव्हा कुठे नेम टिकला.

मधेच आग झाली, कातडी लाल झाली तर दोन-तीन दिवस थांबा, बरं वाटलं की पुन्हा सुरू करा. औषध बंद करून दुसरं शोधायची गरज नसते. बाटलीतलं औषध लवकर पेट घेतं, त्यामुळे चुलीजवळ, गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ उघडू नका. बूच घट्ट लावा, नाहीतर आठवड्यात घट्ट होऊन बसेल.

कॉर्न कॅप म्हणून मिळणारी पट्टी अनेक जण डोळे झाकून लावतात. तिच्या मधल्या चकतीतही सॅलिसिलिक ॲसिडच असतं, बहुधा ४० टक्के. म्हणजे बरंच तीव्र. डागाच्या मापाची कापून, चांगली कातडी वाचवून लावली तर उपयोगी आहे. पण धावताना घामाने ती सरकते आणि चांगल्या कातडीला जखम करते. सरावाच्या वेळी कॉर्न कॅप नको.

हे औषध कुणी लावू नये तेही सांगतो, कारण एकाची बाटली घरात सगळे वापरतात. मधुमेह असलेल्यांनी, पायाला बधिरपणा असलेल्यांनी, पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात लावू नये. त्यांना जखम कळत नाही आणि भरतही नाही. आजोबांच्या तळपायाचा डाग नातवाच्या बाटलीने बरा करायला जाऊ नका. तरुण मुलाच्या पायाला बधिर चट्टा असेल, टोचलेलं कळत नसेल, तर विषय चामखिळीचा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. उपचार तिथे मोफत आहेत आणि लवकर सुरू केले तर माणूस पूर्ण बरा होतो.

स्पर्धा तोंडावर आली असेल तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. स्पर्धा दहा दिवसांवर आली की पालक म्हणतात, "डॉक्टर, एकदाचं जाळून टाका." जाळलं किंवा गोठवलं की फोड येतो, जखम होते, आणि स्पर्धेच्या दिवशी पाय टेकवत नाही. स्पर्धेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत डागावर कुठलाही मोठा उपचार नको. त्या काळात फक्त थर पातळ ठेवायचा आणि दाब दुसरीकडे वळवायचा.

दाब वळवायला साधी गादी पुरते. फेल्टची किंवा जुन्या स्लिपरच्या मऊ रबराची, मेदुवड्यासारखी मधे भोक असलेली चकती कापा. भोक डागापेक्षा थोडं मोठं हवं. ती पायाला न चिकटवता बुटातल्या सोलवर, डाग येतो बरोबर त्या जागी चिकटवा. जागा कशी सापडणार? डागावर थोडं काजळ किंवा लिपस्टिक लावा, बूट घालून एक पाऊल टाका, सोलवर ठसा उमटतो. भोक नेमकं त्याच्यावर आणा. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा ही गादी घालून पळू नका, आधी चार-पाच सराव तिच्यावर करा. अनवाणी खेळणाऱ्यांना हा उपाय चालत नाही. त्यांनी डागावर चांगली चिकटणारी पट्टी गुंडाळावी, आणि चामखीळ जाईपर्यंत जमेल तितका सराव बूट घालून करावा.

खेळ बंद करायची गरज नाही. दुखणं सोसवत असेल आणि डाग झाकलेला असेल तर मुलगा किंवा मुलगी संघात राहू शकते. काही ठिकाणी अशा मुलांना 'लागट आहे' म्हणून बाजूला बसवतात. तसं करू नये. पट्टी, स्वतःची चप्पल, स्वतःचा टॉवेल, स्वतःचे मोजे एवढं पाळलं तरी धोका बराच कमी होतो.

दवाखान्यात काय करतात?

बारा आठवडे नेमाने लावूनही फरक नसेल, किंवा डाग बरेच असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीचे वार विचारून जा. रिकामी खेप पडली की पोराचा आणि आपला दोघांचा दिवस जातो.

तिथला पहिला पर्याय गोठवण्याचा. द्रव नायट्रोजन म्हणजे उणे १९६ अंशांचं द्रव. शेतकऱ्यांना ते नवीन नाही. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या धुरकट वाफ सोडणाऱ्या कॅनमध्ये ठेवतात, त्यातलं द्रव तेच. म्हणून कुणी त्या कॅनमध्ये कापसाची काडी बुडवून घरीच प्रयोग करू नये. काही सेकंद जास्त झाले तर कातडीबरोबर खालच्या नसाही जळतात. डॉक्टर सेकंद मोजून लावतात. नंतर आग होते, फोड येतो, कधी तो रक्ताने भरतो. एक ते तीन दिवस लंगडावं लागतं, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं. चार-पाच खेपा सहज होतात. म्हणून गोठवायचं असेल तर हंगाम संपल्यावर, आणि तारीख घेताना डॉक्टरांना स्पर्धेचं वेळापत्रक आधी सांगा.

हट्टी चामखिळीत आता इंजेक्शनचेही उपाय करतात. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस किंवा ड-३ जीवनसत्त्व थोडंसं थेट चामखिळीत टोचतात. शरीराची प्रतिकारशक्ती तिथे जागी व्हावी हा हेतू. गंमत अशी की एकीत टोचलं तर कधी कधी लांबच्या इतर चामखिळीही जातात. तळपायात सुई खूप दुखते, हे पोराला आधीच सांगून न्या.

विजेने जाळणं, कापून काढणं, लेझर हे पर्याय शेवटचे. भूल देऊन करतात त्यामुळे करताना दुखत नाही, पण जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्यानंतरही चामखीळ परत येऊ शकते. खरा धोका व्रणाचा. हातावरचा व्रण दिसायला वाईट, तळपायावरचा चालायला वाईट. ज्या गादीवर प्रत्येक पाऊल पडतं तिथे कडक व्रण राहिला तर तो वर्षानुवर्षं खुपतो, आणि त्याला औषध नाही. धावणाऱ्या मुलाच्या पायाला ही जोखीम घेण्याआधी दोनदा विचारा, 'याशिवाय अजून काय करून बघता येईल?'

बिबा, चुना आणि थुजा

आजीबाईंच्या बटव्याचा मला आदर आहे, पण तळपायाच्या बाबतीत तो जपून उघडावा. बिब्याच्या तेलात कातडी जाळणारे आणि तीव्र ॲलर्जी देणारे घटक असतात. ज्याला उततो त्याला डागापुरता उतत नाही, पायभर आणि कधी अंगभर उततो. चुना आणि पापडखाराचा लेप, अगरबत्तीचा चटका, मोरचूद या सगळ्यांत जाळणं आहे, मोजमाप नाही. किती खोल जळलं ते चार दिवसांनी कळतं.

घरी ब्लेडने कोरणं सगळ्यात वाईट. चामखिळीतून रक्त येतं, त्या रक्ताबरोबर विषाणू आजूबाजूच्या चिरांत शिरतो आणि एकाच्या तीन होतात. डॉक्टरही पात्याने थर काढतात, पण वरचा मेलेला भाग, निर्जंतुक पात्याने, आणि रक्ताचा पहिला ठिपका दिसला की थांबतात. घरी कापून झालंच असेल तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

होमिओपॅथीची थुजा आपल्याकडे भरपूर चालते. १९९२ साली कॅनडात तळपायाच्याच चामखिळींवर होमिओपॅथीच्या औषधांची चाचणी झाली होती, त्यात थुजाही होती. खरी औषधं घेणारे आणि औषध नसलेल्या गोळ्या घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. "आमच्या पोराची तर गेली!" असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. निम्म्या मुलांची वर्षात तशीच जाते. त्या महिन्यात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. नुसती चिकटपट्टी लावण्याचंही तसंच. २००२ साली तिचे आकडे फार चांगले आले, नंतरच्या चाचण्यांत तो जोर टिकला नाही. नुकसान मात्र काही नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी?

डाग लाल, गरम होऊन सुजला, पू आला, पायावरून वर लाल रेघ चढायला लागली, ताप आला, तर थांबू नका. डाग स्वतःहून रक्त सोडत असेल किंवा चिघळून भरत नसेल तरी दाखवा. मोठ्या माणसाच्या तळपायावर काळा-तपकिरी डाग पसरत चालला असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, तर त्याला चामखीळ समजून औषध लावत बसू नका. क्वचित तो कातडीचा कर्करोग असतो आणि तिथे वेळच महत्त्वाची. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनीही घरगुती उपाय करू नयेत.

गेली हे कसं कळतं?

दुखणं थांबलं म्हणजे चामखीळ गेली असं नाही. डागाच्या जागेवर पुन्हा बारीक रेषा उमटल्या, त्या न तुटता सलग जायला लागल्या आणि काळा ठिपका एकही उरला नाही, म्हणजे गेली. मोबाइलने दर रविवारी एकाच उजेडात फोटो काढून ठेवला तर फरक डोळ्यांना दिसतो. रोज बघणाऱ्याला तो कळत नाही.

पुतण्याच्या तीनपैकी दोन चामखिळी सव्वातीन महिन्यांत गेल्या. तिसरी बिब्याच्या व्रणाशेजारी होती, तिला पाच महिने लागले. औषध सुरू केल्यावर सोळाव्या दिवशी तो गादी घालून पुन्हा पळायला लागला होता. बिब्याचा व्रण अजून आहे, थंडीत तिथे भेग पडते आणि तो रात्री तेल लावून झोपतो. या वेळी तालुक्याची नावं गेली आहेत. त्याच्या किटबॅगमध्ये आता स्वतःची रबरी चप्पल, मोज्यांचे तीन जोड आणि एक वज्री असते. वज्रीवर त्याने पेनाने नाव घातलंय, कुणी उचलू नये म्हणून.